व्हॉल्व्ह किती वेळा मिटतो? डेंग्यूच्या वॉर्डातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मध्य मुंबईतलं एक ट्रस्टचं हॉस्पिटल. नाव देत नाही. पेशंट किंवा कर्मचारी ओळखू येतील असे तपशीलही बदलले आहेत. मी तिथे संसर्ग नियंत्रणाचं काम बघते. त्याआधी बरीच वर्षं वॉर्डात नाइट ड्युट्या केल्या आहेत, त्यामुळे खाली ज्या चुका लिहिल्या आहेत त्यातल्या काही माझ्या हातूनही झालेल्या आहेत.

जुलै संपत आला की आमच्या मेडिसिनच्या वॉर्डाचं रूप पालटतं. डेंग्यू, मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस. दोन खाटांच्या मधे तिसरी खाट येते. कॅज्युअल्टीत एका वेळी चार जणांना लाइन लावायची असते आणि प्रत्येकाचं रक्तही त्याच वेळी लॅबला पाठवायचं असतं.

वापरात होता तो नेहमीचा पंखवाला कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत घालायची प्लास्टिकची बारीक नळी), वर रंगीत झाकणाचा पोर्ट असलेला. हिरवा १८ गेज (जाडीचं माप), गुलाबी २०, निळा २२. शिरेत गेल्यावर आतली स्टायलेट, म्हणजे सुई, ओढून काढायची, आणि त्या क्षणापासून सलाईनचा सेट जोडेपर्यंत हबचं, म्हणजे कॅन्युलाच्या बाहेर राहणाऱ्या टोकाचं, तोंड उघडं. ते काही सेकंद सांभाळण्यासाठी शिकवलेली पद्धत सोपी आहे: आधी टुर्निकेट (हाताला आवळलेला पट्टा) सोडा, मग कॅन्युलाचं टोक आत जिथे असेल त्याच्या जरा वर बोटाने शीर दाबा, मग स्टायलेट काढा. परीक्षेत सगळ्यांना येते. पहाटे तीनला मात्र टुर्निकेट तसंच राहतं, शिरेतला दाब वाढलेला असतो आणि स्टायलेट निघताच रक्ताची धार चादरीवर.

अडचण

त्या वर्षी पावसाळा सुरू होताच माझ्याकडे दोन रिपोर्ट आले. एका सिस्टरच्या डोळ्यात रक्ताचा थेंब उडाला होता. दुसरीच्या मनगटावर. दोन्ही वेळा स्टायलेट काढतानाच. सुई कुणालाच टोचली नव्हती, म्हणून वॉर्डात कुणी ते फारसं मनावर घेतलं नाही. सुई टोचली की एचआयव्हीची जोखीम साधारण ०.३ टक्के धरतात, आणि डोळ्यात किंवा तोंडात रक्त गेलं तर ०.०९ टक्के. हिपॅटायटिस बीचं गणित वेगळं: लस न घेतलेल्या माणसाला बाधित रक्ताची सुई टोचली तर जोखीम ६ ते ३० टक्क्यांपर्यंत जाते. डोळ्यात थेंब पडलेल्या सिस्टरला पेशंटचे रिपोर्ट येईपर्यंत झोप लागली नव्हती, हे कुठल्याच टक्केवारीत बसत नाही.

मेट्रननी मला बोलावलं. "दरवर्षी पावसाळ्यात हेच. या वेळी काहीतरी करून दाखव." परचेस कमिटीची बैठक दहा दिवसांवर होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय काहीच नवीन न आणण्याचा. टुर्निकेट, बोट, ग्लोव्ह्ज, चष्मा यांची उजळणी घ्यायची. खर्च जवळपास शून्य. पण उजळणी आम्ही दर वर्षी घेत होतोच.

दुसरा, आहे त्याच कॅन्युलाला लगेच छोटं एक्स्टेन्शन (जोडनळी) लावायचं, ज्याच्या टोकाला सुईशिवाय सिरिंज जोडता येणारा कनेक्टर असतो. सुईशिवायचे असे कनेक्टर १९९० च्या दशकात, मुख्यतः सुया टोचणं कमी व्हावं म्हणून, वापरात आले. अमेरिकेत २००० साली तसा कायदाच झाला. पुढे काही प्रकारच्या कनेक्टरांमुळे रक्तातले संसर्ग वाढल्याची तक्रार झाली, म्हणून सीडीसी या अमेरिकेतल्या रोगनियंत्रण संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शनात काही यांत्रिक व्हॉल्व्हपेक्षा साधी चीर असलेला पडदा बरा असं सुचवलेलं आहे. यात आमची अडचण एवढीच, की एक्स्टेन्शन लागेपर्यंतची उघडी वेळ तशीच राहते. थेंब उडतो तो तेव्हाच.

तिसरा, हबमध्येच पडदा असलेला कॅन्युला. स्टायलेट निघाली की पडदा मिटतो, रक्त बाहेर येत नाही. सेटचं टोक घातलं की उघडतो.

चौथा, तसाच पण पुन्हा पुन्हा मिटणारा पडदा असलेला. तो अजून महाग, आणि प्रिन्सेस स्ट्रीटच्या आमच्या डीलरकडे हवे ते सगळे गेज त्या आठवड्यात नव्हते.

तिसऱ्या आणि चौथ्यातला फरक आज मी एका वाक्यात लिहिला. तेव्हा तो आम्हाला कळलाच नव्हता. आमच्या तुलनेच्या कागदावर दोन्ही "व्हॉल्व्हवाला कॅन्युला" या एकाच ओळीत होते, पुढे दोन किमती. स्वाभाविकच कमी किमतीच्या पुढे खूण झाली.

पडदा काम कसा करतो

इथे जरा थांबते, कारण पुढचं सगळं यावर आहे. सिस्टरांच्या रोजच्या ओळखीचा, आपोआप मिटणारा पडदा म्हणजे अँटिबायोटिकच्या व्हायलचं रबरी बूच. सुई आरपार घातली आणि काढली की भोक मिटतं, कारण ॲल्युमिनियमच्या कडीने रबर चोहोबाजूंनी दाबून धरलेलं असतं. सुईने रबर कापलं जात नाही, बाजूला सारलं जातं, आणि दाबामुळे परत जागेवर येतं. ते बूच कितीदाही टोचा (मर्यादेत) मिटत राहतं, म्हणून "सेल्फ-सीलिंग" म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ते बूच येतं.

कॅन्युलाच्या हबमधला पडदा वेगळा. त्यात आधीच चीर पाडलेली असते. स्टायलेट त्या चिरेतून जाते. निघाली की चीर आपल्या ताणाने मिटते. आता सेट किंवा सिरिंज जोडायची तर तिचं बोथट टोक चीर स्वतः उघडू शकत नाही. म्हणून हबमध्ये प्लास्टिकची एक छोटी नळी बसवलेली असते. सिरिंजचं टोक तिला पुढे ढकलतं, ती पडद्यात घुसून चीर उघडी धरते. एकदाच मिटणाऱ्या प्रकारात ही नळी तिथेच अडकून राहते. सिरिंज काढली तरी ती मागे येत नाही, आणि कॅन्युला पुन्हा साध्या कॅन्युलासारखा उघडा होतो. पुन्हा मिटणाऱ्या प्रकारात पडद्याचा ताण तिला मागे ढकलतो.

म्हणजे आम्ही घेतलेल्या कॅन्युलाचं वचन फक्त स्टायलेट निघाल्यापासून पहिली जोडणी होईपर्यंतचं. कंपनीने काही लपवलं नव्हतं. पाकिटातल्या कागदावर ते लिहिलेलं होतं. कागद मात्र पाकिटाबरोबर कचऱ्यात जातो.

काय केलं

चार आठवड्यांची चाचणी ठरली: कॅज्युअल्टी आणि मेडिसिनचा एक वॉर्ड. डीलरचा माणूस दुपारी कॉन्फरन्स रूममध्ये आला. रबरी हात, त्यात लाल पाणी. त्याने कॅन्युला घातला, स्टायलेट काढली, बोट न लावता हात वर करून दाखवला. एक थेंब नाही. सगळे खूश. मीही. "सिरिंज जोडून परत काढून दाखवा" असं कुणी म्हणालं नाही.

त्या बैठकीला दिवसपाळीच्या सिस्टर होत्या, मेट्रन होत्या, स्टोअरचे साहेब होते. हाऊसमन (रेसिडेंट डॉक्टर) आणि इंटर्न नव्हते, राउंड चालू होता. रात्री लाइन लावणारे बहुतेक हात तेच.

पहिल्या आठवड्यात तक्रारी आल्या त्या वेगळ्याच. या कॅन्युलावर पोर्ट नव्हता. "मॅडम, इंजेक्शन द्यायचं कुठून?" वरच्या रंगीत झाकणातून इंजेक्शन देण्याची सवय इतकी मुरलेली, की लोकांना काहीतरी कापून घेतल्यासारखं वाटलं. खरं तर तो पोर्ट नीट पुसता येत नाही, मला तो जाण्याचा आनंदच होता; पण आनंद सांगून वॉर्ड चालत नाही. प्रत्येक लाइनला थ्री-वे, म्हणजे तीन तोंडांची तोटी, लावायला सांगितलं. थ्री-वेची झाकणं हरवतात, हे गाऱ्हाणं पुन्हा कधीतरी.

दुसरी तक्रार गंभीर होती. शिरेत कॅन्युला गेल्यावर हबपर्यंत रक्त येताना दिसायची सवय. इथे पडदा मिटल्यामुळे हबमध्ये काहीच दिसेना. दोन इंटर्ननी चांगली लागलेली लाइन "आउट आहे" म्हणून काढून टाकली आणि पेशंटला पुन्हा टोचलं. स्टायलेटच्या मागच्या कप्प्यात आलेलं रक्त आणि कॅन्युलाच्या नळीत सरकलेली लाल रेघ बघायची, हे मग फळ्यावर लिहून ठेवलं.

ती रात्र

दुसऱ्या आठवड्यात, रात्री साडेबाराच्या सुमारास, तिशीतला एक पेशंट आला. ताप पाचव्या दिवसाचा, प्लेटलेट खाली आलेल्या. इंटर्नने गुलाबी कॅन्युला लावला. रक्त पाठवायचं होतं.

आता इथे ती गोष्ट, जी मी अडचणींच्या यादीत धरलीच नव्हती. आमच्याकडे, आणि माझ्या माहितीतल्या बऱ्याच ठिकाणी, लाइन लावताना रक्त सिरिंजने काढत नाहीत. स्टायलेट काढायची आणि हबच्या उघड्या तोंडाखाली बल्ब (रक्ताच्या नमुन्याची छोटी बाटली) धरायचा. थेंब थेंब पडू द्यायचं. आधी ईडीटीएचा (रक्त गोठू न देणारं रसायन असलेला), मग प्लेन. पेशंटला दुसरं टोचणं वाचतं, सिरिंज वाचते, वेळ वाचतो. अंगठा सरकवून धार कमी-जास्त करण्यात काहींचं कसब असं की बघत राहावं. आम्ही जे "सांडणारं रक्त" थांबवायला निघालो होतो, त्यातलं बरंचसं सांडत नव्हतं, मुद्दाम सोडलं जात होतं.

पडद्यामुळे थेंब पडेना. इंटर्न अडखळला. हाऊसमन म्हणाला, "सिरिंज लाव आणि खेच." खेचलं. पाच मिली रक्त निघालं. त्याने सिरिंज काढली आणि बल्ब भरायला वळला.

सिस्टरला त्या दुपारच्या रबरी हातावर जे दाखवलं होतं तेच ठाऊक: या कॅन्युलातून रक्त येत नाही. ती सेटच्या टोकाचं झाकण काढत होती. शिरेवर बोट नव्हतं. चिकटपट्टी ग्लोव्ह्जना चिकटते म्हणून डाव्या हाताचा ग्लोव्ह तिने काढलेला. मागे वळली तेव्हा पेशंटच्या हातावरून, उशीवरून रक्त ओघळत होतं. तिने उघड्या हातानेच हब दाबलं. त्या हातावर दुपारी ॲम्प्युल फोडताना लागलेला ओरखडा होता.

पेशंटची बायको शेजारी उभी. "सिस्टर, तुम्हीच म्हणता ना प्लेटलेट कमी आहेत, मग हे रक्त असं वाया का घालवताय?"

"ताई, घाबरू नका, झालं, बंद झालं," एवढंच ती बोलू शकली. गेलेलं रक्त फार नव्हतं. पण डेंग्यूच्या घरच्यांना प्लेटलेटचा आकडा सोडून दुसरं काही सुचत नसतं, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पांढरी चादर लाल झाली होती.

सिस्टरने हात साबण-पाण्याने धुतला, जखम दाबून रक्त काढायचा प्रयत्न केला नाही, आणि लगेच कळवलं. एवढं मात्र शिकवल्याप्रमाणे झालं. पेशंटची संमती घेऊन तपासण्या पाठवल्या. २०१७ च्या कायद्याप्रमाणे एचआयव्हीच्या तपासणीला ती लागतेच. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी निगेटिव्ह. हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह.

तिने लशीचे तिन्ही डोस घेतले होते. टायटर (लशीने रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांचं प्रमाण) मात्र फाइलमध्ये नव्हतं. ते १० च्या वर असेल तर काही करावं लागत नाही. नसेल तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन), तेही शक्यतो २४ तासांत. पहाटे तिचं रक्त पाठवलं आणि दुपारपर्यंत वाट पाहिली. टायटर भरपूर निघालं. त्या अर्ध्या दिवसात तिने मला एकदाच विचारलं: "मॅडम, हा व्हॉल्व्ह बंद होतो म्हणाला होतात ना?"

निर्णयाचे दोन क्षण

दुसऱ्या दिवशी मेट्रनचं म्हणणं, चाचणी बंद करा आणि जुना कॅन्युला आणा. त्यांच्या बोलण्यात दम होता. जुन्या कॅन्युलातून रक्त येतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून निदान बोट तरी जागेवर असतं. नव्याने बोट काढायला लावलं आणि धोका तसाच ठेवला. मी चालू ठेवायच्या बाजूने होते, आणि आज मान्य करते की त्यात थोडा हट्टही होता. माझ्याच सहीने आलेली वस्तू.

शेवटी मेडिकल सुपरिंटेंडेंटांनी मधला मार्ग काढला. मेडिसिन वॉर्डात जुना कॅन्युला परत. कॅज्युअल्टीत नवा राहील, पण एक महिना नव्हे तर आठवडाभर, आणि एका ठरलेल्या क्रमाने: कॅन्युला, स्टायलेट बाहेर, लगेच कनेक्टरचं एक्स्टेन्शन, आणि नंतरचं सगळं त्या कनेक्टरमधून. म्हणजे हबची एकुलती एक जोडणी एक्स्टेन्शनवर खर्च होते, आणि ते काढायचं नाही. रक्त हवं तर कनेक्टर स्पिरिटने १५ सेकंद घासून, वाळू देऊन, त्यातून काढायचं, आधीचं थोडं टाकून द्यायचं, शेवटी सलाईनने फ्लश. टुर्निकेट सोडणं आणि बोट दाबणं व्हॉल्व्ह असो वा नसो.

कनेक्टर निवडताना या वेळी डीलरला घाम फोडला. मिटल्यावर आत किती रक्त ओढलं जातं? क्लॅम्प (नळी बंद करणारा चिमटा) सिरिंज काढण्याआधी लावायचा की नंतर? हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण काही कनेक्टर सिरिंज काढताना टोकाशी किंचित रक्त मागे ओढतात. त्यांना फ्लश चालू असतानाच क्लॅम्प लावावा लागतो. काही उलट थोडं सलाईन पुढे ढकलतात. त्यांना आधी सिरिंज काढून मग क्लॅम्प. चुकीच्या क्रमाने लावलात तर लाइन गुठळीने बंद. एकाच वॉर्डात दोन जातीचे कनेक्टर आले तर कुणाच्या लक्षात राहणार? आम्ही साधी चीर असलेला, एकच जात, एवढं ठरवलं.

दुसरा निर्णय थेंबाने रक्त घेण्याचा. ते बंद करा म्हटल्यावर हाऊसमनांनी उघड विरोध केला, आणि कारण खोटं नव्हतं: आधीच टोचून टोचून हैराण पेशंट, त्याला अजून एक सुई? संसर्गाचा मुद्दा त्यांच्या कानांवरून गेला. गाडी हलली ती पॅथॉलॉजीच्या मॅडममुळे. त्या वॉर्डात आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "थेंब थेंब पडलेलं रक्त बल्बमध्ये ईडीटीएत मिसळेपर्यंत गोठायला लागतं. प्लेटलेटचे पुंजके होतात, मशीन त्यांना मोजत नाही, आणि तुम्ही मला रात्री फोन करून विचारता की काउंट अचानक एवढा कसा पडला." गोठण्याच्या चाचणीच्या बल्बमध्ये रक्त आणि सायट्रेटचं ९ ला १ हे प्रमाण लागतं, ते थेंबाने रेघेपर्यंत नीट भरतच नाही, हेही त्यांनी सांगितलं. डेंग्यूच्या वॉर्डात प्लेटलेटचा आकडा चुकतो म्हटल्यावर कुणाला उत्तर सुचलं नाही.

निष्पत्ती

त्या आठवड्यात कॅज्युअल्टीतून रक्त उडाल्याचा रिपोर्ट आला नाही. आठवडा लहान असतो, त्यावरून मी काही सिद्ध करत नाही. पण चादरी बघणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मॅडम, हल्ली कपडे कमी भिजतात," आणि ते मला रिपोर्टपेक्षा जास्त पटलं.

पुढच्या बैठकीत कॅज्युअल्टीसाठी पुन्हा मिटणारा कॅन्युला मंजूर झाला, वॉर्डांसाठी साधा कॅन्युला आणि एक्स्टेन्शन. खर्चाचा प्रश्न स्टोअरच्या साहेबांनी विचारलाच. थ्री-वे कमी लागले आणि लाइन उगाच काढून पुन्हा लावणं घटलं, एवढंच मी त्यांना दाखवू शकले. फरक भरून निघाला असं म्हणणार नाही. सगळ्या सिस्टरांचं टायटर तपासून फाइलला लावलं. त्यात दोघींचं कमी निघालं, त्यांना पुन्हा डोस दिले. हे काम व्हॉल्व्हच्या आधी व्हायला हवं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

ऑगस्टमध्ये चाचणी घेणं हीच पहिली चूक. गर्दीच्या महिन्यात निकड सगळ्यांना पटते म्हणून मंजुरी पटकन मिळते, पण शिकायला कुणाला सवड नसते. फेब्रुवारीत केलं असतं तर इंटर्नना दहा मिनिटं उभं करता आलं असतं.

आणि मंजुरीआधी एक रात्र कॅज्युअल्टीत नुसतं उभं राहायला हवं होतं. मी उभी राहिले असते तर थेंबाखाली धरलेला बल्ब दिसला असता. माझ्या नाइटच्या दिवसांत मीही तसाच धरायचे. इतक्यांदा धरलाय की ती पद्धत म्हणून डोळ्यांत भरेनाशी झाली होती.

मेट्रनचा मुद्दा अजून डोक्यात आहे. अर्धवट सुरक्षा देणारी वस्तू माणसाची सावधगिरी पूर्ण काढून घेते का? साध्या कॅन्युलावर पोसलेल्या सिस्टरांपेक्षा पडद्यावरच शिकलेले नवे इंटर्न शीर दाबायला जास्त विसरतात, असं मला दिसतं. म्हणून त्यांना पहिले काही दिवस साधाच कॅन्युला हातात देतो. यावर आमच्यात एकमत नाही.

इंडेंटच्या, म्हणजे मालाच्या मागणीच्या, फॉर्मवर आता "पडदा किती वेळा मिटतो" असा एक रकाना आहे. गेल्या पावसाळ्यात रेट कॉन्ट्रॅक्ट बदललं, त्याच गुलाबी रंगाचा दुसऱ्या कंपनीचा माल आला, रकान्यात "पुन्हा पुन्हा" लिहिलेलं. कॅज्युअल्टीच्या इन-चार्ज सिस्टरने खोका उघडला, एक कॅन्युला काढून त्याची स्टायलेट पांढऱ्या डब्यात टाकली, आणि बेसिनपाशी त्याच्या हबमध्ये सलाईनची सिरिंज घालून काढली. मग हबकडून थेंब गळतो का ते बघत उभी राहिली. पुन्हा घातली, काढली. पाचव्यांदा झाल्यावर पुढच्या कॅन्युलाला हात घातला.